चावी मी पाहिली नव्हती

आकुर्डी
१९ डिसेंबर २०२४

धम्मा, जयभीम.

पत्र फाडायचं असेल तर खुशाल फाड, फक्त आईच्या हातात देऊ नकोस. ती कुणाकडून तरी वाचून घेईल आणि मग दोन दिवस धड जेवायची नाही.

वाळूजचा पत्ता तुझ्या वहिनीनं, रश्मीनं दिला. दर रविवारी दुपारी तिचं आणि आईचं फोनवर बोलणं होतं. मला ते माहीत आहे, आणि माहीत नाही असं आम्ही सगळेच दाखवतो. माझा नंबर तू ब्लॉक केलायस, म्हणून हा कागद.

काम एवढंच आहे. सोसायटी पाडून नवीन बांधायचं चाललंय. घर अजून बाबांच्या नावावर असल्यामुळं दोघा भावांच्या सह्या लागतील असं सेक्रेटरी म्हणतात. कधी येणं झालं तर कळव. घाई नाही.

इकडं सगळं ठीक. मी पंधरा दिवस रजेवर आहे. चष्म्याचा नंबर बदललाय, दुसरं काही नाही. तळवड्याला रस्त्याकडेच्या टेम्पोला स्कूटरचं डावं हँडल घासलं, कोपर सोलपटलं. टेम्पो असा उभा केला होता की कुणालाही दिसला नसता.

तुला कामावरून काढलं त्याला दोन वर्षं झाली. लाइनवरच्या साधनाची तीन बोटं प्रेसखाली गेली, आणि त्याच दुपारी जेवणाच्या सुट्टीत सेन्सरच्या पॅनलपाशी मी तुला पाहिलं होतं, म्हणून चौकशीत तसं सांगितलं. सख्खा भाऊ आहे म्हणून पाहिलेलं गिळून टाकायचं का, असं मी तेव्हा आईला विचारलं. तिनं पिशवी भरली आणि तुझ्याबरोबर निघून गेली. अठरा वर्षं मी फायनल इन्स्पेक्शनला आहे. पत्र्यावरचा केसाएवढा ओरखडा माझ्या नजरेतून सुटत नाही, हे तुलाही माहीत आहे.

हे लिहायचं नव्हतं. पण आता खोडत नाही.

तुझी पोर, मैत्री, सातवीत असेल ना आता?

बुद्धरत्न


आकुर्डी
६ जानेवारी २०२५

धम्मा,

सोसायटीचं मी खोटं लिहिलं. कुणी काही पाडत नाही. तुला पत्र लिहायला काहीतरी निमित्त हवं होतं, आणि सरळ लिहायचं धाडस झालं नाही.

चष्म्याचंही खोटं. मला नसलेल्या गोष्टी दिसतात.

दिवाळीनंतर हे वाढलं. आधी इन्स्पेक्शनच्या टेबलावर डाव्या हाताला रंगीत जाळी दिसायची, मच्छरदाणीसारखी, पिवळी आणि जांभळी. वाटलं ट्यूबलाइट खराब आहे. मेंटेनन्सवाल्याला सांगून दोनदा बदलून घेतली. मग एकदा निगडीच्या बसस्टँडवर बसमध्ये चढायच्या रांगेत उभा होतो, तर डावीकडून बायका चालल्या होत्या. एकामागे एक, दहा-बारा जणी, सगळ्या माझ्या गुडघ्याएवढ्या. हिरवी लुगडी, डोक्यावर काही नाही. आवाज नाही. माझ्याकडं कुणी बघत नव्हतं. भीती वाटली नाही रे, हेच विचित्र. मी मागं सरून त्यांना वाट दिली. मागचा माणूस म्हणाला, "काका, चला ना पुढं, कुणासाठी थांबलाय?"

मी पुढं सरकलो.

रश्मीला कळलं ते गेल्या महिन्यात. ती सकाळी ओट्यापाशी खाली बसून कोथिंबीर निवडत होती. जुडीला लाल रबर होता, तो तिनं मनगटात अडकवला. मी पेपर वाचायला बाल्कनीत गेलो. अर्ध्या तासानं डावीकडं बघतो तर रश्मी बाल्कनीच्या कोपऱ्यात बसून कोथिंबीर निवडतेय. तीच जुडी, मनगटात तोच रबर. मी म्हणालो, "अगं, इथं उन्हात कशाला बसलीस?" रश्मी आतून, बाथरूममधून ओरडली, "कुणाशी बोलताय?"

मी कोपऱ्याकडं बघतच राहिलो. ती निवडतच होती. मग विझली. विझली असंच म्हणावं लागेल, उठून गेली नाही.

समोरच्या तानुबाई म्हणाल्या, बाहेरचं काही असेल, एकदा दाखवून आणा. रश्मीनं बाबासाहेबांच्या फोटोकडं बोट केलं आणि म्हणाली, "यांच्यासमोर बसून असलं बोलू नका मावशी. डॉक्टरला दाखवणारंय मी." आणि दाखवलं.

मेंदूत गाठ निघाली. उजव्या बाजूला, पार मागं, लिंबाएवढी. कॅन्सरची वाटत नाही असं डॉक्टरबाई म्हणाल्या. मेंदूच्या आवरणातून उगवते, फार हळू वाढते. डोळे माझे चांगलेच आहेत. डोळ्यांनी पाठवलेलं चित्र मेंदूत जिथं उमटतं तिथं ही दाबून बसलीय, त्यामुळं डाव्या बाजूचं असलेलं दिसत नाही आणि नसलेलं दिसतं. तो टेम्पो तसाच नजरेतून सुटला.

कोथिंबिरीचं सांगितल्यावर त्यांनी पेन खाली ठेवलं. "हे होतं अशा गाठींत. थोड्या वेळापूर्वी पाहिलेलं माणूस मेंदू परत दाखवतो. तसंच्या तसं. अंगात तेच कपडे, हातात तीच वस्तू. फक्त जागा दुसरी."

मग विचारलं, "कधीपासून होतंय?"

"दिवाळीपासून."

"गाठीचा आकार बघता ती बरीच जुनी आहे. चार वर्षं, पाच वर्षं. त्या काळात एखाद-दुसऱ्या वेळी असं झालं होतं का? नीट आठवून सांगा."

मी म्हणालो, "नाही."

रश्मी माझ्याकडं बघत होती. मी तिच्याकडं पाहिलं नाही.

बुद्धरत्न


आकुर्डी
१५ जानेवारी

धम्मा,

डॉक्टरांना मी नाही म्हणालो, ते खोटं होतं. त्या खोलीत बसल्या बसल्याच मला १२ ऑक्टोबर २०२२ आठवला होता.

आता जसं घडलं तसं लिहितो. मधेच थांबलो तर पुन्हा लिहिणं व्हायचं नाही.

बुधवार होता. पाऊणला मी कँटीनमध्ये जेवलो. तू खांबाला खांदा टेकवून उभा होतास, हातात चहाचा कागदी कप, पॅंटवर ग्रीसचा डाग. आपण बोललो नाही. त्या आठवड्यात आपलं बिनसलं होतं, आईला गावी कोण सोडणार त्यावरून. सव्वाला मी परत लाइनवर आलो. प्रेस शॉपच्या दारातून जाताना डावीकडं पॅनलपाशी तू दिसलास. खांदा पॅनलला टेकलेला, हात छातीशी. मी न थांबता पुढं गेलो. दोन वाजता साधनाचा हात आत असताना प्रेस खाली आली. हात आत गेला की मशीन थांबवणारा सेन्सर चावीनं बंद केलेला होता.

चौकशीत मला विचारलं, सुट्टीत पॅनलपाशी कोण होतं? मी तुझं नाव घेतलं. दिसलास म्हणून घेतलं. तिथपर्यंत माझी चूक म्हणायची की गाठीची, ते मला ठरवता येत नाही.

पण पुढं चौकशी अधिकाऱ्यानं विचारलं, "हातात काय होतं?"

धम्मा, तुझ्या हातात कप होता. चहाचा कप. शॉपमध्ये चहा न्यायला बंदी आहे, तू प्रेसला डाय बसवणारा सेटर माणूस, तेरा वर्षांत कधी नेला नाहीस. मलाही ते खटकलं. मी गप्प बसलो. तो म्हणाला, "चावी असेल." मी म्हणालो, "असेल." त्यानं लिहिलं, हातात चावी होती. कागद माझ्यापुढं सरकवला. मी वाचला. अठरा वर्षं दुसऱ्याच्या मालातली चूक शोधणारा माणूस, वाचल्याशिवाय सही करत नाही. वाचला आणि सही केली.

का केली, हे मी दोन वर्षं स्वतःला विचारलं नाही. आता विचारतोय. कप म्हटलं असतं तर माझ्या नजरेवर शंका आली असती. मला तेच सहन होत नव्हतं, दुसरं काही नाही. कप बघितला म्हणजे काहीतरी चुकीचं बघितलं, हे मला आतून कळलं होतं, आणि मी ते झाकलं. पुढच्या महिन्यात मला सुपरवायझर केलं. मी पेढे वाटले.

तू तेव्हा सांगत होतास की मी गेटबाहेर होतो, मैत्रीला ताप होता, घरी फोन लावत होतो. कॅमेरा बघा म्हणालास. पंधरा दिवसांनी रेकॉर्डिंग पुसलं जातं म्हणाले, आणि मी मान हलवली.

गाठीनं मला तू दाखवलास. चावी गाठीनं दाखवली नाही.

रश्मीला काल सांगितलं. ती उठून स्वयंपाकाला लागली. मग ताट वाढलं आणि म्हणाली, "आईंना तेव्हाच कळलं होतं. डोळ्यांनी बघावं लागलं नाही त्यांना."

दादा


आकुर्डी
३ फेब्रुवारी

धम्मा,

गोळ्या सुरू झाल्यापासून दिसणं कमी झालंय. ऑपरेशन चौदाला ठरलं होतं, मी आठवडाभर पुढं ढकलून घेतलं. रश्मी भडकली. "आता कसली कामं राहिलीत तुमची?" म्हणाली. सांगितल्यावर मात्र तीच बरोबर आली, मला एकट्याला रस्ता ओलांडता येत नाही म्हणून.

साधनाला भेटायला गेलो होतो. रावेतला एका मोठ्या सोसायटीच्या गेटवर ती सिक्युरिटीला आहे. वहीत गाड्यांचे नंबर लिहिते, डाव्या हातानं. दोन वर्षांत तिनं डाव्या हातानं लिहायला शिकून घेतलंय, अक्षर माझ्यापेक्षा बरं आहे.

मला ओळखलं. खुर्ची दिली. मी सगळं सांगितलं, गाठ, कप, सही. ती मधेमधे उठून गाड्यांसाठी गेटचा आडवा बूम वर करत होती, परत येऊन बसत होती. शेवटी म्हणाली,

"दोन वरीस मी तुमच्या भावाला शिव्या घातल्यात दादा. रोज. भाकरी थापायला बसले की. आमाला सांगितलं व्हतं, त्येनंच बंद केला."

मी म्हणालो, "मीच सांगितलं ते."

"व्हय, कळलं आता." मग म्हणाली, "पर त्यो सेन्सर त्या दिवशी बंद झालाच न्हाई."

"म्हणजे?"

"सोमवारपासून त्याचा हिरवा दिवा लागत न्हवता. मी लायनीवर सांगितलं. म्हनले, माल द्यायचाय, चालू दे, दोन दिवसात बघू. बुधवारी माझा हात गेला. चौकशीत बी मी सांगितलं ह्ये. त्यो सायेब म्हनला, बाई, तुमी आजारी हाय, आराम करा. लिवलंच न्हाई त्येनं."

म्हणजे सोमवारपासून बंद होता, धम्मा. बुधवारच्या सुट्टीत पॅनलपाशी कुणी असण्या-नसण्याचा प्रश्नच नव्हता. त्यांना एक माणूस हवा होता. मी माझा भाऊ दिला.

मी तिला विचारलं, कामावरून काढल्याबद्दल धम्मानं केस घातलीय, हे कोर्टात सांगशील का? तिनं लगेच हो म्हटलं नाही. सोसायटीतली नोकरी जाईल का, कंपनीचा आणि इथला ठेकेदार एकच आहे का, असं बरंच विचारलं. तिचंही बरोबर आहे. निघताना मी हात जोडले. ती म्हणाली, "माझ्यापुढं नका जोडू. माझी बोटं काय तुमी न्हाई तोडली." एवढं म्हणाली आणि आलेल्या गाडीकडं गेली.

दादा


आकुर्डी
१३ फेब्रुवारी

धम्मा,

कंपनीत जाऊन आलो. लेखी घेऊन गेलो होतो. जुने साहेब गेलेत, नवीन आहेत, तरुण, बोलायला चांगले. पाणी मागवलं. कागद वाचला आणि घडी घालून माझ्याकडं परत सरकवला.

"बुद्धरत्नजी, आधी ऑपरेशन करून घ्या. या अवस्थेत तुम्ही काही लिहून दिलं तर त्याला काय अर्थ राहणार? तुमचे डॉक्टरच म्हणतात, तुम्हाला नसलेलं दिसतं."

"साहेब, तेव्हाही हीच गाठ होती. तेव्हाचं तुम्ही घेतलंत."

ते खुर्चीतून उठले. बाहेर सोडायला दारापर्यंत आले. मग हळूच म्हणाले की खोटी साक्ष दिली असं तुम्हीच कबूल करताय, तुमच्यावर कारवाई होऊ शकते, घरच्यांचा विचार करा. धमकी म्हणून नाही, खरंच काळजीनं बोलले असतील. मला आता माणसांच्या चेहऱ्याची अर्धी बाजूच नीट दिसते, त्यामुळं सांगता येत नाही.

दुसऱ्या दिवशी पुण्याला तुझ्या वकिलांकडं गेलो. पत्ता आईनं रश्मीला दिला होता. म्हणजे आईला कळलंय. किती कळलंय ते माहीत नाही. वकील म्हणाले, धम्मरत्नांनी दोन तारखांपासून येणं सोडलंय, केस पडायला आलीय. त्यांनी माझं प्रतिज्ञापत्र तयार केलं. टाइप झाल्यावर मी तीनदा वाचलं. प्रत्येक ओळ डावीकडून कापलेली दिसते, म्हणून रश्मीनं बोटानं ओळ दाखवत वाचायला लावलं. कप लिहिलाय. चावी पाहिली नव्हती, असं स्वतंत्र ओळीत लिहिलंय.

एक गोष्ट रश्मीपासून लपवली होती, ती सापडली, म्हणून तुलाही सांगतो. मी दोन दिवस गोळ्या घेतल्या नाहीत. मला तुला बघायचं होतं. कोथिंबीर निवडणारी रश्मी जशी अगदी खरी दिसली, तसा तू एकदा दिसशील असं वाटलं. तुझा मैत्रीबरोबरचा जुना फोटो समोर ठेवून बसलो. दिसलं काय, तर एक परका माणूस, पाठमोरा, खांद्यावर टॉवेल. कोण तो, मला माहीत नाही. मग आकडीचा झटका आला आणि जीभ चावली गेली. रश्मी म्हणाली, "भेटायचं असेल तर माणसासारखं बोलवा त्यांना. असं मरून काय भेटणार?"

म्हणून बोलावतो. एकवीसला ऑपरेशन आहे.

दादा


निगडी, हॉस्पिटल
२० फेब्रुवारी, सकाळ

धम्मा,

केस काढलेत. आरशात बाबा दिसले. घाबरू नकोस, गाठीमुळं नाही, खरंच तसा दिसतोय मी.

डॉक्टरबाईंनी सगळं समजावलं. गाठ निघेल. डावीकडची नजर बहुतेक परत येणार नाही, आणि हे दिसणं मात्र थांबेल. सही करायच्या आधी मी कागद पूर्ण वाचून घेतला. त्या हसल्या, म्हणाल्या, इतकं कुणी वाचत नाही.

काल वॉर्डात शेजारच्या खाटेवरच्या आजोबांपाशी त्यांच्या पत्नी कस्तुराबाई बसल्या होत्या. त्या विचारत होत्या, तुमचं कुणी आलं नाही का भाऊ-बहीण? मी म्हणालो, भाऊ आहे, वाळूजला असतो, कामात आहे. खोटं सांगितलं असं मला वाटलं नाही.

काही झालं तर रश्मीला एकटं पाडू नकोस. तिनं तुझं काही वाईट केलेलं नाही. आणि आईला मी मुद्दाम फोन केला नाही. तिचा आवाज ऐकला तर मी लहान मुलासारखा होईन आणि इथं खूप माणसं आहेत.

दादा


आकुर्डी
९ मार्च

धम्मरत्न भावजी,

जयभीम. मी रश्मी लिहितेय. ह्यांना अजून ओळीत लिहिता येत नाही. पानाच्या मधूनच सुरुवात करतात आणि डावीकडं अर्धं पान कोरं सोडतात. मी समासाला लाल पट्टी चिकटवून देते, ती सापडेपर्यंत मान वळवायची असं डॉक्टरांनी शिकवलंय. सराव चालू आहे.

ऑपरेशन नीट झालं. तपासणीत गाठ साधीच निघाली. सहा तास लागले. शुद्धीवर आल्यावर मला विचारलं, "अजून कुणी आहे का खोलीत?" मी म्हटलं, मीच आहे फक्त. "मग बरोबर," म्हणाले आणि झोपले. तेव्हापासून काही दिसलेलं नाही.

डावीकडं मात्र काहीच नाही. दाराच्या चौकटीला खांदा आपटतात. ताटातली डाव्या बाजूची भाजी तशीच राहते, मी ताट फिरवते. गाडी कायमची बंद. इन्स्पेक्शनचं काम तर गेलंच. कंपनीनं नोटीस पाठवलीय, खोटं सांगितल्याबद्दल. ते तुम्हाला लिहायचे नाहीत, म्हणून मी लिहिते. नोटीस वाचली आणि म्हणाले, बरोबर आहे की.

मला तुमच्यावर राग होता भावजी, खरं सांगते. एक फोन नाही, एक ओळ नाही. मग विचार केला, दोन वर्षांपूर्वी मी तरी काय केलं? हे तेव्हा घरी येऊन म्हणाले, मी धम्माला पाहिलं. मी विचारलंही नाही, नक्की ना? आपल्याला ह्यांच्या नजरेची इतकी सवय झाली होती.

कोर्टाची तारीख २४ एप्रिल आहे. वकिलांनी तुम्हालाही कळवलंय. साधनाबाईंनीही साक्ष द्यायला होकार दिलाय, त्यांची तारीख नंतरची आहे. आईंना विचारू नका कुणी सांगितलं, पण त्या परवा फोनवर रडल्या आणि मग मला म्हणाल्या, "त्याच्या डोक्याला तेल लावू नको इतक्यात, टाके ओले असतील."

तुमची,
रश्मी वहिनी


आकुर्डी
२७ एप्रिल २०२५

धम्मा,

हे मीच लिहितोय, दोन दिवस लागले. अक्षर समजून घे.

चोवीसला कोर्टात आपण भेटलो आणि बोलणं काहीच झालं नाही. तू पाच-सहा वाक्यं बोललास, मी त्याहून कमी. म्हणून परत कागद.

कंपनीच्या वकिलानं मला जवळजवळ पाऊण तास उभं केलं. तू ऐकलंसच. आज डावीकडं काय दिसतं? काही नाही. मग तेव्हाचं कशावरून सांगता? शेवटी तो म्हणाला, "म्हणजे तुम्ही तेव्हा खोटं बोललात, की आज बोलताय?" मी म्हणालो, "तेव्हा. जे दिसलं ते खोटं होतं हे मला माहीत नव्हतं. पण चावी दिसली नव्हती, हे माहीत होतं." न्यायाधीशांनी ते पुन्हा म्हणायला लावलं आणि लिहून घेतलं. खाली बसलो तेव्हा रश्मीला म्हणालो, "धम्मा आला नाही ना?" ती म्हणाली, "तुमच्या डाव्या हाताला बसलेत. सकाळपासून."

मान पूर्ण वळवली तेव्हा तू दिसलास. कानावरचे केस पांढरे झालेत तुझे. वजन उतरलंय. मला जे बोलायचं होतं ते सगळं मी दोन महिने पत्रांतून बोललो होतो, आणि तू ती वाचलीस की नाही हेही विचारायची हिंमत झाली नाही. मग तू बाहेर व्हरांड्यात आलास, रश्मीला म्हणालास, "वहिनी, तुम्ही बसा जरा," आणि मला धरून जिना उतरवलास. प्रत्येक पायरीला "पायरी" म्हणत होतास. चौदा पायऱ्या होत्या.

खाली झाडाखाली उभं राहून तू विचारलंस, "एक सांग. ही गाठ निघाली नसती, तर सांगितलं असतंस?"

मी गप्प राहिलो. मग तू रिक्षा बघितलीस, आम्हाला बसवलंस, ड्रायव्हरला पत्ता नीट समजावलास आणि निघून गेलास. रिक्षात रश्मी म्हणाली, हो म्हणायचंत ना, त्यांना तेवढंच ऐकायचं असेल.

तुझी केस आता उभी राहील असं वकील म्हणतात. जूनमध्ये साधनाची साक्ष आहे. तू जिंकलास तरी त्या कंपनीत परत पाऊल ठेवणार नाहीस, असं आईनं रश्मीला सांगितलं. ठेवू नकोस. पण तुझ्या नावावर जे लिहिलं गेलं ते पुसलं जायला हवं, म्हणून प्रत्येक तारखेला जा. मला लागेल तेव्हा बोलाव, मी येईन. नोटिशीचं उत्तर मी दिलंय. जे होईल ते होईल.

आता तुझ्या प्रश्नाचं.

तीन दिवस मी याचाच विचार केला. वाळूजच्या एखाद्या लग्नात आपण भेटलो असतो, आई आजारी पडली असती, मैत्रीनं येऊन विचारलं असतं, असं सगळं मनात मांडून बघितलं. एवढा सगळा कागद लिहून झाल्यावर तुझ्याशी पुन्हा खोटं बोलणं मला जमणार नाही.

नाही. सांगितलं नसतं. कप मी माझ्याबरोबर घेऊन गेलो असतो.

हे वाचून यावंसं वाटलं तर ये. नाही वाटलं तरी मी समजेन. फक्त शाळा सुरू व्हायच्या आत आईला एकदा निगडीच्या बसमध्ये बसवून दे. आम्ही दोघं स्टँडवर उभे असू. तिला सांग, उतरल्यावर मला हाक मार, मी आपणहून बघीन म्हणून वाट पाहू नको.

दादा